कुटुंबाच्या मोटारीची नियमित सुरक्षा तपासणी: कायद्यात काय आहे आणि आपण काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका कुटुंबाकडे ऑगस्ट २०११ मध्ये नोंदणी झालेली पेट्रोल मोटार आहे आणि पुढे तिला सीएनजी किट बसवले आहे. गाडी वर्षाकाठी जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर धावते. मात्र गणपतीला आणि मे महिन्यात आई-वडील व मुलांना घेऊन ती रत्नागिरीला जाते. प्रश्नकर्त्यांची बहीण ब्रिटनमध्ये राहते आणि तिची मोटार दरवर्षी मान्यताप्राप्त केंद्रात तपासली जाते. आपल्याकडे अशी सक्ती आहे का, पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला (नोंदणीच्या नूतनीकरणासाठीच्या तपासणीला) नेमके काय पाहतात, तोवर सुरक्षिततेची खात्री कशी करावी, आणि गाडी ठेवावी की मोडीत काढावी, असे त्यांनी विचारले आहे. मोटारींची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: खासगी मोटारीची पहिली पंधरा वर्षे कोणतीही नियतकालिक सुरक्षा तपासणी भारतीय कायद्यात सक्तीची नाही (अपवाद सीएनजी टाकीच्या चाचणीचा, त्याविषयी पुढे). मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि ती मुदत संपल्यावर, तपासणी होऊन, पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. याच्या उलट, तेच मॉडेल पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून चालत असेल तर पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याला फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन मोटारींपैकी एक पंधरा वर्षांत अनेकदा निरीक्षकासमोर उभी राहते आणि दुसरी, ज्यात आपली मुले बसतात, ती एकदाही राहत नाही. टॅक्सी जास्त धावते म्हणून तिची तपासणी जास्त, हा युक्तिवाद काही अंशी मान्य केला तरी ‘कमी’ आणि ‘मुळीच नाही’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर भरण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर सोडून दिली आहे. अनेक मालकांना आपल्यावर ती आहे याची कल्पनाच नसते.

गाडीची तपासणी होतेच, हा गैरसमज मुख्यतः पीयूसीमुळे, म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रामुळे, होतो. नवीन मोटारीला पहिल्या वर्षानंतर पीयूसी लागते आणि बीएस-४ व बीएस-६ (भारत स्टेज) या प्रदूषण मानकांच्या मोटारींना ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. त्याआधीच्या मानकांच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. (पुण्या-मुंबईसह काही शहरांत बीएस-४ मानक एप्रिल २०१० पासूनच लागू झाले होते, त्यामुळे आपली २०११ ची मोटार बहुधा बीएस-४ असेल, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, पाहून घ्यावे.) पीयूसीच्या केंद्रात धूर सोडण्याच्या नळीत यंत्राची नळी घालून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजतात, डिझेल असेल तर धुराची घनता पाहतात, आणि पाटीचे छायाचित्र घेऊन कागद देतात. ब्रेक, टायर, स्टेअरिंग यांच्याकडे कोणी पाहतही नाही. पीयूसी ही हवेसाठी केलेली तपासणी आहे. ती वेळेवर घ्यावीच, कारण ती नसेल तर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो कागद हातात आला म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असे समजू नये.

दुसरा गैरसमज ‘सर्व्हिसिंग करतो, तेच पुरे’ असा आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या संदर्भात तो अधिक महत्त्वाचा वाटतो. सर्व्हिसिंगची मुदत कंपनी ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी देते. कमी धावणाऱ्या कुटुंबात मात्र पहिला अर्धा भागच लक्षात राहतो. गाडी दहा हजार किलोमीटर धावायला दोन वर्षे लागली तर सर्व्हिसिंगही दोन वर्षांनी होते. मोटारीतील काही भाग धावल्याने झिजतात, तर काही नुसत्या काळाने खराब होतात. ब्रेक पॅड, क्लच, टायरची नक्षी हे पहिल्या प्रकारात येतात. टायरचे रबर, ब्रेक ऑईल, रबरी होज (नळ्या) आणि बुश (सांध्यांतील रबर), सीट बेल्टची यंत्रणा, सीएनजीची टाकी आणि गंज हे दुसऱ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहणारी मोटार या दुसऱ्या प्रकारच्या दोषांनीच अधिक धोकादायक होते, आणि ते दोष मीटरवरच्या आकड्यावरून कळत नाहीत.

ब्रेक ऑईलचेच पाहा. हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो, आणि बाष्प जसे वाढते तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट-४ प्रतीच्या नव्या, कोरड्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. शहरात ७५ अंश कमी झाले काय आणि नाही काय, फरक जाणवत नाही, कारण ब्रेक तेवढे तापतच नाहीत. परंतु भरलेली गाडी घेऊन आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना चालक सतत ब्रेकवर पाय ठेवतो, चकती आणि तिला पकडणारे कॅलिपर तापतात, आणि पाणी शोषलेले ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे लागते आणि थेट तळाला जाते. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे खाली उतरल्यावर मेकॅनिकला दाखवले तर त्याला काहीच सापडत नाही. उपाय साधा आहे: किलोमीटर कितीही असोत, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल संपूर्ण बदलावे. ‘टॉप-अप केले आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. जुने काढून चारही चाकांवर ब्लीडिंग केले का, म्हणजे ऑईलमधली हवा काढली का, हे विचारावे. बऱ्याच वर्कशॉपमध्ये ऑईलमधील पाण्याचे प्रमाण दाखवणारा पेनसारखा टेस्टर असतो, तो आपल्यासमोर बुडवून पाहायला सांगण्यात संकोच करू नये. आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, हे तर कोणत्याही तपासणीच्या आधी येते.

टायरबाबत कायदा स्पष्ट आहे: मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. नक्षीच्या खाचांमध्ये तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे कारखान्यातूनच दिलेले असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. माझे मत असे की कोकणातल्या पावसात जाणाऱ्या गाडीला ही मर्यादा पुरेशी नाही; खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत, कारण पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्यानंतर फार झपाट्याने घटते. पण आपल्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. हे अंक कधी आतल्या बाजूला जातात, म्हणून चाक वळवून किंवा गाडी उचलून पाहावे लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची भिंत भेगांसाठी बारकाईने पाहावी आणि नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर तो टायर लांबच्या प्रवासाला वापरू नये, असे मी सगळ्यांना सांगतो. डिकीतल्या स्टेपनीचेही वय हेच असते, किंबहुना ती मूळचीच असेल तर ती सर्वांत जुनी असते.

समृद्धी महामार्गाने ही गोष्ट महाराष्ट्राला फार कठोरपणे शिकवली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्यांना मागे पाठवण्याची मोहीम घेतली. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर जितका तापतो तितका तो शहरात कधीच तापत नाही. त्यात हवा कमी असेल तर भिंत सतत दुमडत राहते आणि आतील थर सुटू लागतात. खासगी मोटारीच्या सुरक्षिततेसाठी सरकारी माणसाने रस्त्यावर उभे राहून टायर पाहिले, असे आपल्याकडे क्वचितच घडले असेल. ती पद्धत योग्य होती आणि ती सर्व द्रुतगती मार्गांवर कायमस्वरूपी असावी, असे मला मनापासून वाटते.

आता सीएनजीकडे येतो, कारण आपल्या गाडीच्या बाबतीत कायद्याने सक्तीची असलेली नियतकालिक सुरक्षा तपासणी खरोखर इथे आहे आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही. गॅस सिलिंडर नियमांनुसार वाहनातील सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि ती पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेने, म्हणजे ‘पेसो’ने मान्यता दिलेल्या केंद्रातच होऊ शकते. टाकीतील गॅस सुमारे २०० बार दाबाखाली असतो. टायरमधील हवा साधारण दोन-सव्वादोन बार असते, यावरून कल्पना यावी. चाचणीसाठी टाकी गाडीतून उतरवतात, गॅस काढून व्हॉल्व्ह सोडवतात, आतून-बाहेरून गंज, खड्डे, ओरखडे पाहतात, वजन करतात आणि मग टाकीत पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा पुष्कळ अधिक दाब देतात. दाबाखाली पोलाद किंचित ताणले जाते आणि दाब काढल्यावर त्याने मूळ आकारमानावर परत यायला हवे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताण कायम राहिला तर ती टाकी बाद होते. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की टाकी फुटलीच तर पाण्याचा स्फोट होत नाही.

चाचणी झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र आणि गाडीवर लावली जाणारी पट्टी यांवरील टाकीचा क्रमांक प्रत्यक्ष टाकीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावा. टाकी न उतरवता, तासाभरात, केवळ पट्टी बदलून देणारे लोक आहेत. पंपावर अडवू नये एवढ्यासाठीच ही चाचणी आहे असे समजणारे ग्राहकही आहेत. कृपया तसे करू नये. डिकीतील टाकीवर आपण गणपतीच्या प्रवासात बॅगा टाकतो, आणि त्याच टाकीच्या पुढे, मागच्या सीटवर, आई-वडील बसलेले असतात. टाकी पुन्हा बसवताना पट्टे, त्यांखालील रबर, उच्च दाबाची नळी आणि व्हॉल्व्हभोवतालची गळती बाहेर सोडणारी पिशवी व तिची नळी नीट जागेवर आहेत का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे, आणि आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असे नोंदवलेले आहे ना, हे पाहावे. बाहेरून किट बसवलेल्या अनेक गाड्यांची ही नोंद झालेलीच नसते आणि ते नेमके पंधराव्या वर्षी उघडकीस येते.

पासिंगचे म्हणाल तर मुदत मोजायची ती आरसीवर छापलेल्या नोंदणी वैधतेच्या तारखेवरून. गाडी बनल्याचे किंवा खरेदीचे वर्ष त्यासाठी धरत नाहीत. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो, आणि तो ‘वाहन’ या ऑनलाईन प्रणालीवरच भरून शुल्क, कागदपत्रे व भेटीची वेळ यांची पूर्तता करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. उशीर केल्यास दरमहा पाचशे रुपये जादा लागतात. शुल्क अलीकडे वारंवार बदलले आहे, त्यामुळे अर्ज भरताना प्रणालीवर दिसणारी रक्कमच अंतिम मानावी. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांवर पाच वर्षांसाठी पर्यावरण कर आहे, तोही भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू असावी, थकलेली चलने भरलेली असावीत, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवलेला असावा आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली असावी. कागदांची ही तयारी करायला दोन महिने जास्त होत नाहीत. जुने कर्ज फिटून वर्षे झाली आणि बँकेचे पत्र सापडत नाही, ही तर नेहमीची अडचण.

मुदत संपल्यावर गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे नोंदणी नसलेले वाहन चालवणे होय. त्यासाठी पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपयांचा दंड आहे, परंतु खरी जोखीम विम्याची आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका मोटारीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच कारणासाठी अमान्य केला होता. त्यामुळे ‘गाडी तर उभीच असते, पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणू नये.

प्रत्यक्ष तपासणी दोन प्रकारे होते. पारंपरिक पद्धतीत मोटार वाहन निरीक्षक चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी जुळवतात, दिवे, वायपर, हॉर्न, आरसे, टायर, सीट बेल्ट पाहतात, स्टेअरिंगचा प्ले (मोकळी हालचाल) आणि ब्रेक थोडी गाडी चालवून तपासतात, आणि गाडीत कोणते बेकायदा बदल केले आहेत का, यावर बारीक नजर ठेवतात. काचांवरील काळी फिल्म २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चालत नाही, पुढे बसवलेला लोखंडी क्रॅश गार्ड चालत नाही, आणि डोळे दिपवणारे बाहेरून बसवलेले एलईडी दिवेही काढायला लावतात. ही तपासणी किती कसून होते, हे त्या दिवशीची गर्दी, जागा आणि माणूस यांवर अवलंबून राहते. फिटनेससाठी ब्रेक धावत्या वाहनावर तपासता यावेत म्हणून २५० मीटर लांबीचा मार्ग असलाच पाहिजे, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाला धरावा लागला होता, यावरून परिस्थिती लक्षात यावी.

दुसरी पद्धत स्वयंचलित चाचणी केंद्राची आहे. या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झाले आणि आधी व्यावसायिक वाहने त्यांच्याकडे वळवली जात आहेत. इथे गाडी रोलरवर उभी करून प्रत्येक चाकाचे ब्रेकचे बळ स्वतंत्र मोजतात. डाव्या आणि उजव्या चाकांतला फरक असा आकड्यात दिसणे फार मोलाचे आहे, कारण ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढली जाण्याचे ते मुख्य कारण असते आणि ते नुसते चालवून नेहमी कळत नाही. एका सरकत्या पट्टीवरून चाक गेले की अलाइनमेंटमधील दोष कळतो, थरथरणाऱ्या पाट्यांवर शॉकअपची पकड मोजतात, आणि खाली खड्ड्यातून बॉल जॉईंट व टाय रॉड (चाकाला सस्पेन्शन व स्टेअरिंगशी जोडणारे भाग) हलवून पाहतात. निकाल यंत्र ठरवते. नापास झाल्यास दुरुस्ती करून ठरावीक मुदतीत पुन्हा चाचणी देता येते; मात्र फेरचाचणीतही नापास झालेल्या आणि अपिलात न टिकलेल्या वाहनाचे आयुष्य संपले असे या नियमांत धरले जाते. आपली तपासणी कोणत्या पद्धतीने होणार, हे वेळ घेतानाच विचारून घ्यावे, म्हणजे तयारी त्याप्रमाणे करता येते.

बहिणीच्या ब्रिटनमधील तपासणीशी तुलना इथेच करणे योग्य. तिथे ही तपासणी १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांसाठी सुरू झाली आणि १९६७ पर्यंत तिचे वय तीन वर्षांवर आले. आज इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती द्यावी लागते. त्या पद्धतीतील मला सर्वाधिक उपयुक्त वाटणारा भाग निकालाच्या कागदाचा आहे. २०१८ पासून तिथे दोषांची प्रतवारी धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशी होते, आणि त्याखेरीज ‘सध्या चालेल, पण लक्ष ठेवा’ अशा सूचनाही लिहून देतात. पुढच्या वर्षीचा तपासनीस तो कागद पाहू शकतो, म्हणजे गाडीचा इतिहास तयार होतो. आपल्याकडे पंधराव्या वर्षी मिळते ते केवळ ‘नूतनीकरण झाले’ एवढेच उत्तर.

म्हणून माझा आग्रह असा की ही वार्षिक तपासणी आपण स्वतः घडवून आणावी, वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी, आणि तिचे निकाल आकड्यांत लिहून ठेवावेत. कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये, सर्व्हिसिंगपासून वेगळे काम म्हणून, गाडी लिफ्टवर घेऊन तपासायला सांगावे आणि स्वतः खाली उभे राहावे. चाक वर-खाली हलवल्यावर खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंटचा संशय घ्यावा, डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर आली तर टाय रॉड एंडचा. पुढील ब्रेक पॅड आणि चकती यांची जाडी व्हर्नियर कॅलिपर या मोजण्याच्या साधनाने मोजून घ्यावी. मागचे ड्रम उघडायला सांगावेत, कारण कमी चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यानंतर ब्रेक शू चिकटतात, हँडब्रेकची केबल गंजते आणि व्हील सिलिंडर आतल्या आत गळत राहते. ड्रम उघडल्याशिवाय यातले काहीच दिसत नाही, आणि वेळ वाचवण्यासाठी नेमके तेच टाळले जाते. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, ब्रेकचे रबरी होज आणि धातूच्या ब्रेक लाईनचे जोड पाहावेत.

काही गोष्टींना लिफ्टही लागत नाही. प्रत्येक सीट बेल्ट संपूर्ण बाहेर ओढून कड उसवली आहे का पाहावे आणि झटका देऊन तो अडतो का पाहावे. मागच्या सीटचे बेल्ट अनेक घरांत सीट कव्हरखाली गाडलेले असतात, ते बाहेर काढावेत. इग्निशन चालू केल्यावर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे, गाडीत ती यंत्रणा असल्यास, काही क्षण लागून विझले पाहिजेत. दिवा विझत नाही म्हणजे दोष आहे हे सर्वांना माहीत असते. दिवा मुळात लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, हे मात्र जुनी गाडी घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. पिवळ्या पडलेल्या हेडलाईटच्या काचा पॉलिश करून घ्याव्यात आणि त्यानंतर प्रकाशाचा रोख तपासून घ्यावा.

उरला शेवटचा प्रश्न: ठेवावी की काढावी. आधी एक भीती दूर करतो. पंधरा वर्षे झाली म्हणून महाराष्ट्रात खासगी मोटार मोडीत काढावीच लागते असा नियम नाही. दिल्ली परिसरातील वयोमर्यादा तिथल्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण व न्यायालयाच्या आदेशांतून आली, आणि एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांचे नूतनीकरण बंद झाले ते सरकारी वाहनांचे. या दोन बातम्या एकत्र होऊन अफवा तयार झाली आणि त्या भीतीपोटी कित्येकांनी सुस्थितीतील गाड्या कवडीमोलाने विकल्या.

निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा. पहिली, सांगाड्याचा गंज. दाराच्या खालच्या पट्ट्या, जमिनीच्या पत्र्याचे जोड, पुढच्या शॉकअपचे टॉवर, मागच्या सस्पेन्शनच्या जोडणीच्या जागा आणि सबफ्रेम (इंजिन व सस्पेन्शन धरणारी चौकट) इथे स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून पाहावे. इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण भार पेलणारा पत्रा कुजला असेल तर त्यावर पॅच मारून, वरून काळे अंडरकोटिंग फासून गाडी सुरक्षित होत नाही. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे विशेष आढळते. नवीन अंडरकोटिंग दिसले तर त्याखाली काय आहे हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट, मुळात गाडीत काय आहे. नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली; २०११ च्या गाडीत, वरचे मॉडेल नसेल तर, यांपैकी काहीच नसण्याची शक्यता अधिक. ही उणीव कोणतीही तपासणी किंवा दुरुस्ती भरून काढू शकत नाही.

सांगाडा निर्दोष निघाला, सीएनजी टाकी चाचणीत पास झाली आणि ब्रेक, टायर, स्टेअरिंगचा खर्च आपल्याला परवडणारा असला तर नूतनीकरण करून घ्यावे व गाडी शहरातील वापरासाठी जरूर ठेवावी. एबीएस आणि एअरबॅग नसलेल्या या गाडीने सहा जणांचे सामान घेऊन पावसाळी घाटातून जावे, असे मात्र मी सुचवणार नाही. वर्षातील त्या दोन प्रवासांसाठी नवी गाडी भाड्याने घेणे किंवा एसटी-रेल्वेने जाणे अधिक बरे. पत्रा कुजलेला निघाला तर ओळखीच्या भंगारवाल्याला देऊ नये. गाडी तुकडे होऊन विकली गेली तरी नोंदणी आपल्याच नावावर राहते, आणि तिचा चेसिस क्रमांक दुसरीकडे वापरला गेला तर चौकशीला सामोरे जावे लागते आपल्याला. ती नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच द्यावी, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र) घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी. या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्रीय नियमांत खासगी वाहनांसाठी तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे आणि प्रत्यक्ष दर राज्य ठरवते, म्हणून गाडी देण्याआधी तो दर आरटीओत विचारून घ्यावा.